वाचकांचे प्रश्न : मार्गो मॅकडोनल्ड आणि एडिंबऱ्याची अपक्ष जागा

गेल्या अंकात अपक्ष लोकप्रतिनिधींविषयीच्या एका उत्तरात आम्ही स्कॉटलंडच्या मार्गो मॅकडोनल्ड यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यावरच खर्ची घालणे योग्य वाटले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : या बाई मूळच्या कोण? राजकारणात कशा आल्या? घरात राजकारण होते का? (एक प्राध्यापक, गडहिंग्लज)

घरात राजकारण नव्हते. मार्गो यांचा जन्म १९ एप्रिल १९४३ रोजी ग्लासगोजवळच्या हॅमिल्टन गावी झाला. त्यांची आई परिचारिका होती. मार्गो शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका झाल्या आणि लग्नानंतर पहिल्या पतीबरोबर त्यांनी ब्लँटायर गावात दारूचा गुत्ता चालवला. आपल्याकडे उमेदवाराच्या माहितीपत्रकात ही ओळ कोणी छापणार नाही. पण स्कॉटलंडमधील गावगुत्ता ही चावडीसारखीच जागा असते आणि गल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला गावाचे मत आपोआप कळत जाते. लोकांशी रोखठोक आणि हसतखेळत बोलण्याची जी हातोटी पुढे त्यांचे भांडवल ठरली, ती भाषणांच्या फडापेक्षा या गल्ल्यावर अधिक तयार झाली असावी, असे आमचे मत आहे.

त्यांच्याच हॅमिल्टनमध्ये नोव्हेंबर १९६७ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या विनी युइंग यांनी मजूर पक्षाची भक्कम समजली जाणारी जागा खेचून घेतली. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा असे म्हणणारा हा पक्ष तोपर्यंत लोकांच्या चेष्टेचा विषय होता; त्या निकालानंतर तो गंभीरपणे घेतला जाऊ लागला. मार्गो याच लाटेत पक्षात सक्रिय झाल्या, १९७० साली पेझलीतून लढून पडल्या, आणि ८ नोव्हेंबर १९७३ रोजी वयाच्या तिसाव्या वर्षी ग्लासगोच्या गव्हन मतदारसंघातील पोटनिवडणूक ५७१ मतांनी जिंकून लंडनच्या संसदेत पोहोचल्या.

गव्हन हा क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणी कामगारांचा भाग होता. मजूर पक्षाला तेथे हरवणे म्हणजे एके काळी आपल्या सांगोल्यात गणपतराव देशमुखांना हरवण्याइतकेच अवघड मानले जाई. पण गोद्या डबघाईला आल्या होत्या, जुन्या चाळी पाडल्या जात होत्या आणि विस्थापितांना धड घरे मिळत नव्हती. याच सुमारास उत्तर समुद्रात तेल सापडले होते आणि ‘हे तेल स्कॉटलंडचे आहे’ अशी मोहीम पक्षाने उघडली होती. मार्गो यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली : समुद्रात एवढी संपत्ती असताना गव्हनमधल्या बाईने ओल आलेल्या खोलीत का राहावे, असा त्यांच्या प्रचाराचा सूर होता. वृत्तपत्रांनी मात्र त्यांच्या सोनेरी केसांवरच मथळे सजवले. तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, जागा गेली.

त्यानंतरचा पाव शतकाचा काळ चढउतारांचा आहे. १९७४ ते १९७९ त्या पक्षाच्या उपनेत्या होत्या. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी या बाजूने ५१.६ टक्के मते पडली. पण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा अशी अट आधीच घातली गेली असल्याने हा कौल निकामी ठरला. पक्षातील डाव्या तरुणांनी मग ‘७९ गट’ स्थापन केला, पक्षाने १९८२ मध्ये अंतर्गत गटांवर बंदी घातली आणि मार्गो पक्षाबाहेर पडल्या. मधल्या काळात त्यांनी बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ संस्थेची स्कॉटलंडमधील धुरा सांभाळली आणि पुढे रेडिओ, दूरचित्रवाणी व वृत्तपत्रांत पत्रकारिता केली. १९८१ मध्ये त्यांनी जिम सिलर्स यांच्याशी दुसरा विवाह केला; सिलर्स हे आधी मजूर पक्षाचे खासदार होते, नंतर स्कॉटिश नॅशनल पार्टीत आले आणि १९८८ मध्ये त्यांनीही गव्हनचीच पोटनिवडणूक जिंकली. एकच मतदारसंघ पती आणि पत्नी दोघांनीही पोटनिवडणुकीत जिंकावा, तोही पंधरा वर्षांच्या अंतराने, असे उदाहरण विरळाच.

प्रश्न : स्कॉटलंड हा देश आहे की राज्य? (इचलकरंजीहून)

ब्रिटन या संयुक्त राज्याचा तो एक घटक देश आहे. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्वतंत्र संसदेला होकार दिला, १९९९ मध्ये ती अस्तित्वात आली, आणि आरोग्य, शिक्षण, पोलीस, स्थानिक स्वराज्य असे विषय तिच्याकडे आले. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण लंडनकडेच आहे. आपल्या विधानसभेशी तुलना काही अंशी चालते, पण निवडणुकीची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे. ती पुढच्या उत्तरात पाहू.

प्रश्न : पक्षाने डावलल्यावर त्या अपक्ष म्हणून निवडून आल्या, असे आपण लिहिले होते. आमच्या मंडलिक साहेबांनी २००९ मध्ये हेच केले. दोन्ही गोष्टी सारख्याच का? (एक जुने कार्यकर्ते, कागल)

बंडखोरी सारखी होती, बंडखोराचा पाया मात्र वेगळा होता.

सदाशिवराव मंडलिक यांना २००९ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसने उमेदवारी नाकारली, त्यांनी कोल्हापुरातून अपक्ष अर्ज भरला आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला हरवून ते दिल्लीला गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. त्यांच्यामागे सहकारी साखर कारखाना होता, कागल तालुक्यातील गावोगावचा गट होता, अनेक दशकांचे ऋणानुबंध होते. मार्गो यांच्याकडे ना कारखाना होता, ना दूध संघ, ना शिक्षण संस्था. त्यांना उभे केले ते निवडणुकीच्या पद्धतीने आणि एडिंबऱ्यातील वैयक्तिक लोकप्रियतेने.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. स्कॉटिश संसदेत १२९ सदस्य असतात. त्यांपैकी ७३ आपल्यासारखेच एकेका मतदारसंघातून निवडले जातात. उरलेल्या ५६ जागांसाठी देशाचे आठ विभाग केले असून प्रत्येक विभागाला सात जागा आहेत. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका येतात : पहिलीवर तो मतदारसंघातील उमेदवार निवडतो आणि दुसरीवर विभागासाठी एखादा पक्ष किंवा एखादा अपक्ष. पक्षाने विभागासाठी नावांची क्रमवार यादी आधीच जाहीर केलेली असते, आणि त्या यादीत कोण कितव्या क्रमांकावर आहे यावर त्याचे नशीब ठरते.

मार्गो पुढे पक्षात परतल्या आणि १९९९ मध्ये लोदियन विभागातून, म्हणजे एडिंबरा व परिसरातून, पक्षाच्याच यादीवर निवडून आल्या होत्या. पण त्या पक्षशिस्तीला बधत नसत, नेतृत्वावर उघड टीका करत. २००३ च्या निवडणुकीसाठी पक्षाने यादी बनवली तेव्हा त्यांना पाचव्या क्रमांकावर ढकलले, ज्याचा व्यवहारात अर्थ एवढाच होता की घरी बसा. त्याच सुमारास त्यांना पार्किन्सनचा आजार असल्याची बातमीही फुटली. त्यांनी अपक्ष अर्ज भरला आणि पक्षातील त्यांची जागा संपली.

आता आकडेमोड पाहा. विभागातील प्रत्येक पक्षाच्या मतांना त्याने आधीच मिळवलेल्या जागांमध्ये एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागतात आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला जागा देतात. समजा, एका पक्षाला विभागात ७० हजार मते आहेत, पण मतदारसंघांतून त्याने सहा जागा आधीच जिंकल्या आहेत. त्याच्या मतांना सातने भागायचे, म्हणजे उरतात १० हजार. दुसऱ्या पक्षाला ६० हजार मते आणि दोन जागा आहेत. तीनने भागले की २० हजार. अपक्षाकडे आधीची जागा नाही, त्यामुळे त्याच्या २७ हजार मतांना एकाने भागायचे, म्हणजे ती २७ हजारच राहतात, आणि पहिली जागा तोच घेऊन जातो. मोठ्या पक्षाला मोठेपणाची किंमत मोजावी लागावी आणि लहानालाही दारातून आत येता यावे, हा या पद्धतीचा हेतू आहे. हे उदाहरणातील आकडे आहेत. पण मार्गो यांना २००३ मध्ये विभागातील सुमारे दहा टक्के, म्हणजे प्रत्यक्षातही २७ हजारांच्या आसपास मते मिळाली. २००७ आणि २०११ मध्ये हा वाटा घटला, तरी जागा टिकली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आठही विभागांत अपक्षांना अर्ज भरता येतो, दर वेळी अनेक जण भरतातही, आणि जवळजवळ सगळे पडतात. एका मतदारसंघापुरती ओळख येथे पुरत नाही, आठ-नऊ मतदारसंघांच्या पट्ट्यात आपले नाव घराघरांत ठाऊक असावे लागते. मार्गो यांना लोक आडनावाशिवाय, नुसते मार्गो म्हणत.

प्रश्न : निवडून येणे ठीक, पण १२९ जणांत एकटी व्यक्ती काय करणार? आपल्याकडील अपक्ष तर निकाल लागल्यावर हॉटेलच्या बसमध्येच दिसतात. (विधी शाखेची विद्यार्थिनी, शाहूपुरी)

प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर संख्याबळात आहे.

२००७ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४७, मजूर पक्षाला ४६, हुजूर पक्षाला १७, उदारमतवाद्यांना १६ आणि हरित पक्षाला दोन जागा मिळाल्या. राहिली एक, ती मार्गो यांची. ज्या पक्षाने त्यांना डावलले होते, त्याचेच अल्पमतातील सरकार आता सत्तेवर होते. आपल्याकडे अशा वेळी मंत्रिपद, महामंडळ किंवा निदान लाल दिव्याची चर्चा सुरू झाली असती. मार्गो यांनी मागितले ते शहरासाठी : एडिंबरा राजधानी असल्याने संसद, सरकारी कार्यालये, समारंभ आणि आंदोलने या सगळ्याचा भार त्याच्या नगरपालिकेवर पडतो, तेव्हा त्यासाठी वेगळा निधी द्या, ही मागणी त्यांनी २००८ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी लावून धरली आणि मान्य करून घेतली.

पुढच्या वर्षी तर कमालच झाली. २८ जानेवारी २००९ रोजी अर्थसंकल्पावर मतदान झाले तेव्हा सरकारच्या बाजूने सत्ताधारी ४७, हुजूर पक्षाचे १६ आणि मार्गो असे ६४ जण होते. विरोधात मजूर, उदारमतवादी आणि हरित मिळूनही बरोबर ६४ जण होते. हुजूर पक्षाचा सतरावा सदस्य सभापतीच्या खुर्चीत बसला होता. समसमान मते पडल्यावर सभापतींनी आहे ती स्थिती कायम ठेवण्याच्या प्रथेला धरून निर्णायक मत विरोधात दिले आणि अर्थसंकल्प कोसळला. आठवडाभरात सरकारने इतर पक्षांशी बोलणी करून तो पुन्हा मांडला आणि मंजूर करून घेतला. त्या एका संध्याकाळी सभागृहातील प्रत्येकाला एकेका मताची किंमत कळली असेल.

बाकीच्या लढाया त्या बहुतेक हरल्या. संसदेच्या नव्या इमारतीवरील उधळपट्टीवर त्या सातत्याने तुटून पडल्या : सुरुवातीला चार कोटी पौंडांपर्यंतचा अंदाज सांगितला गेला होता, अखेरचा आकडा ४१ कोटी ४० लाखांवर गेला, आणि इमारत तीन वर्षे उशिरा, २००४ मध्ये तयार झाली. चौकशी झाली, अहवाल आला, पैसा गेला तो गेला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांवर हल्ले होऊ नयेत म्हणून शहरात ठरावीक भाग त्यांच्यासाठी सुरक्षित ठेवावा, असे विधेयकही त्यांनी आणले. ते मंजूर झाले नाही. मते गमावण्याची एवढी खात्रीशीर व्यवस्था दुसरा कोणी आमदार स्वतःहून करणार नाही. पण त्यांच्यावर यादीतून नाव काढण्याची धमकी चालणार नव्हती, कारण यादीत नाव नव्हतेच.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. त्यांनी इच्छामरणाचा कायदा आणण्याचा प्रयत्न केला, असे वाचले. आपल्याकडे हे आता चालते ना? (राजारामपुरी)

दोन्ही गोष्टी एक नाहीत आणि आपल्या व्यवसायातील व्यक्तीने हा फरक विचारला याचे समाधान वाटले.

स्कॉटिश संसदेत मंत्री नसलेल्या सदस्यालाही विधेयक मांडता येते, मात्र त्यासाठी आधी किमान १८ सहकाऱ्यांचा पाठिंबा गोळा करावा लागतो. ज्यांच्यामागे पक्षच नाही त्यांना प्रत्येक नाव दारोदार फिरून मिळवावे लागते. मार्गो यांनी २०१० च्या आरंभी असे विधेयक मांडले. असाध्य आजाराने ग्रासलेल्या किंवा कायमचे परावलंबित्व आल्याने जगणे असह्य झालेल्या व्यक्तीला, स्वतःच्या स्पष्ट मागणीवरून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आयुष्य संपवण्यासाठी मदत मिळावी, असा त्याचा आशय होता. चर्चचा आणि अनेक डॉक्टरांचा कडवा विरोध झाला. अपंगांच्या संघटनांनी घेतलेला आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो : ज्यांना रोज इतरांच्या आधाराने जगावे लागते त्यांच्यावर ‘ओझे होऊ नका’ असा न बोललेला दबाव येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १ डिसेंबर २०१० रोजी विधेयक १६ विरुद्ध ८५ मतांनी फेटाळले गेले.

मार्गो स्वतः पार्किन्सनच्या रुग्ण होत्या आणि हा हक्क आपल्यालाही हवा आहे, हे त्या लपवत नसत. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी आजारपणातच सुधारित विधेयक पुन्हा आणले. त्यात रुग्णाला अखेरपर्यंत सोबत करणाऱ्या परवानाधारक साहाय्यकाची तरतूद होती. त्यावर मतदान होण्याआधीच ४ एप्रिल २०१४ रोजी एडिंबऱ्यात त्यांचे निधन झाले. हरित पक्षाचे पॅट्रिक हार्वी यांनी विधेयक पुढे नेले. २७ मे २०१५ रोजी तेही पडले, पण या वेळी बाजूने ३६ आणि विरोधात ८२ मते होती. लियम मॅकार्थर या उदारमतवादी सदस्याने आणलेल्या तिसऱ्या विधेयकाच्या तत्त्वाला १३ मे २०२५ रोजी ७० विरुद्ध ५६ मतांनी मान्यता मिळाली. तो केवळ पहिला टप्पा होता.

आता भारताविषयी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये जे मान्य केले, आणि मार्च २०१८ च्या निकालात ज्याला सन्मानाने मरण्याच्या हक्काचा आधार दिला, ते निष्क्रिय स्वरूपाचे आहे : बरे होण्याची आशाच नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम आधार ठरावीक पद्धतीने थांबवता येतात, आणि शुद्धीत असताना माणसाला तसे वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येते. २०२३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत सोपी केल्यावर असे इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. मार्गो यांना हवे होते ते याच्या पुढचे, म्हणजे मरणासाठी प्रत्यक्ष मदत. ती आपल्याकडे आजही गुन्हा ठरते. शिवाय हे सर्व आपल्याकडे न्यायालयातून आले, सभागृहातून नव्हे. आपल्या संसदेने १९७० नंतर एकही खासगी सदस्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलेले नाही.

प्रश्न : त्यांच्या निधनानंतर जागा दोन वर्षे रिकामी राहिली, हे खरे वाटत नाही. कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक तर चार महिन्यांत झाली. त्यांच्या पतीने का नाही लढवली? (शिवाजी पेठ)

खरे आहे. आमदार चंद्रकांत जाधव यांचे डिसेंबर २०२१ मध्ये निधन झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये मतदान होऊन जयश्री जाधव निवडून आल्या, कारण आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात जागा सहा महिन्यांच्या आत भरण्याचे बंधन आहे. स्कॉटलंडमध्येही मतदारसंघाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते. विभागीय जागेला ती लागू नाही. पक्षाच्या यादीवरचा सदस्य गेला, तर यादीतील पुढचे नाव बिनबोभाट पुढे येते. अपक्षाच्या मागे यादीच नसते. तेव्हा १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने सरळ सांगितले आहे की अशी जागा पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहील. म्हणून एप्रिल २०१४ पासून मे २०१६ पर्यंत ही संसद १२८ सदस्यांवर चालली. लोदियनच्या मतदारांवर हा अन्याय झाला, असे आम्हाला वाटते. त्या एका जागेसाठी अख्ख्या विभागात मतदान घेणे खर्चिक ठरले असते हे मान्य करूनही, जुन्या मतांची फेरमोजणी करून ती भरण्याची तरतूद करता आली असती. २०१६ मध्ये लोदियनच्या सातही विभागीय जागा पक्षांच्या वाट्याला गेल्या.

पोटनिवडणूकच नसल्याने सिलर्स यांनी ती लढवण्याचा प्रश्न आला नाही. स्वातंत्र्याचे सार्वमत पाच महिन्यांवर आले होते आणि त्यांनी पत्नीच्या नावाने ‘मार्गो मोबाइल’ ही प्रचारगाडी काढून गावोगाव सभा घेतल्या. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झाले आणि ५५.३ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने कौल दिला.